सहा सेंटिमीटरचा रहिवास

सहा वर्षं माझ्याजवळ असलेली माझी आई सरकारी कागदानुसार माझ्या घरी राहतच नव्हती. मी रोज सकाळी तिला रक्तदाबाची गोळी देऊन ऑफिसला जात होते, संध्याकाळी येऊन तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होते, आणि तरीही ती तिथे नव्हती. हे ज्या यंत्राने सांगितलं, त्या यंत्राची बाजू मीच चार वर्षं हिरिरीने मांडत आले होते. त्यामुळे तक्रार करायला तोंडही नव्हतं.

मी मृणाल होडगे. वय एक्कावन्न, रहिवास निर्धारण अधिकारी, आजरा तालुका. आमच्या खात्याचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

महाराष्ट्रात राहणारा माणूस राज्याला नेमकं काय काय देतो, हे पूर्वी कोणालाच धड सांगता येत नसे. नोकरीला लागेपर्यंत मलाही येत नव्हतं. पगारातून व्यवसाय कर कापला जायचा, तो पगारपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात. घर घेताना मुद्रांक शुल्क, गाडी घेताना वाहन कर, विजेच्या बिलात वीज शुल्क, शिवाय शेतसारा. पेट्रोलमधला कर तर कोणी विचारातच घेत नसे. मग दोन हजार एकोणचाळीस साली केंद्राने कायदा केला आणि हे सगळं गुंडाळून एकच रहिवास कर आणला. वर्षातले जास्त दिवस ज्या राज्यात राहाल, त्या राज्याला तो भरायचा. दर ज्याचा त्याने ठरवायचा. गोव्याने कमी ठरवला, आम्ही जास्त.

झालं! महिन्याभरात अर्धा आजरा गोव्यात राहायला गेला. कागदावर. म्हापशाच्या एका खोलीत अठ्ठावीस भाडेकरू दाखवलेले मी स्वतः पाहिलेत. मोबाइलवरून माग काढावा, तर लोक मोबाइल मेहुण्याकडे ठेवून घरी यायचे. उलटेही नमुने होते. महाराष्ट्राच्या रहिवाशाला मुलांची फी माफ, म्हातारे आईवडील सांभाळणाऱ्याला करात निम्मी पालक-सवलत. म्हणून गोव्यातले काही जण इकडचे असल्याचं दाखवायचे. कोण कुठे राहतो हे ठरवता ठरवता आमच्या नाकी नऊ आले. तेव्हा केस आले.

सांगायला सोपं आहे. पाण्यात ऑक्सिजन असतो आणि त्यात थोडा हलका, थोडा जड असा फरक असतो. समुद्रावरून ढग निघाला की जड पाणी आधी गळतं. म्हणून किनाऱ्यावरचा पाऊस जड. ढग सह्याद्री चढत जातो तसा आणखी गळत जातो, आणि घाटमाथ्यावर पोचेपर्यंत त्याच्याकडे हलकंच पाणी उरतं. ते पाणी विहिरीत, नदीत, नळात जातं, तिथून माणसाच्या पोटात आणि शेवटी केसात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि एकदा वाढला की बदलत नाही. म्हणजे मानेजवळून सहा सेंटिमीटर केस कापला की त्या माणसाचे मागचे सहा महिने तुमच्या हातात. चहा, आमटी, भात शिजवलेलं पाणी, सगळं धरून. बाजारातलं धान्य, भाजी सगळीकडे सारखीच येते, म्हणून तिचा वाटा गणितातून वजा करतात. गोव्यातलं पेडणे आणि घाटमाथ्यावरचा आजरा यांच्यात रस्ता आहे फार तर तीन तासांचा, पण केसाला त्यातला फरक लख्ख कळतो.

केस तपासणारं हे यंत्र मला फार आवडायचं. वशिला नाही, रडारड नाही. सहा ठिपके आणि त्यांना जोडणारी एक रेघ.

चौगुले नावाचे एक बेकरीवाले एकदा माझ्यासमोर सुनावणीला आले होते. म्हणे आजऱ्यातच राहतो. केस म्हणत होते, किनाऱ्यावर.

"मॅडम, मला मुतखडा आहे," ते म्हणाले. "डॉक्टरांनी बोअरचं पाणी बंद केलंय. घाटाखालून मोठे जार येतात, तेच पितो. पावत्या आणल्यात बघा."

"चौगुले, पावत्या छापता येतात," मी म्हटलं. "केस छापता येत नाही."

कारकून हसला. मीही हसले. चौगुल्यांच्या मुलीला रहिवासी म्हणून कॉलेजची फी माफ होणार होती, ती झाली नाही, आणि ती वर्षभर घरी बसली. त्याच आठवड्यात मी वर टिप्पणी पाठवली, की प्रत्येक जण पाण्याची सबब सांगू लागला तर खात्याला टाळं लावावं लागेल, सबब पाण्याचं कोणतंही कारण ग्राह्य धरू नये. टिप्पणी मंजूर झाली आणि राज्यभर परिपत्रक निघालं. त्याची प्रत मी टेबलाच्या काचेखाली ठेवली होती.

आई माझ्याकडे आली त्याचं कारण साधं. वडील गेले, पेडण्याजवळचं घर नव्या रस्त्यात गेलं. राहिली ती कडेची विहीर. माझा भाऊ रुपेश तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेला. तिथे लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे असे. मी म्हटलं, माझ्याकडे चल. ती आली, पण रुपेशला ते लागलं. लोक काय म्हणतील, मुलगा असताना आई लेकीकडे! सहा वर्षांत तो आमच्याकडे दोनदा आला, दोन्ही वेळा पाच मिनिटं. म्हटलं, तुला नाही ना जमत, मग मी करते तर फुगतोस कशाला? आमचं बोलणं तिथेच तुटलं.

आई माझ्याकडे आल्यापासून स्वतःचं स्वतः करून खायची. "घाटावरचं तिखट मला सोसत नाही गो," म्हणायची. तिच्या खोलीला लागून एक छोटी शेगडी होती. तिथे तिची पेज, तिची माशाची आमटी, तिचा चहा. पाण्याचा तांब्याचा हंडाही वेगळा. म्हातारपणाची सोवळ्याची हौस, असं मला वाटायचं. मी नऊला बाहेर पडणार, सातला येणार, आमटी कोणती खाल्लीस विचारायला फुरसत कोणाला? (आई माझ्याशी मालवणीत बोलते. मी ते इथे सरळ करून लिहिते आहे. सरकारी सवय.)

मग यंदा मे महिन्यात आदेश आला. तपासणीची सुरुवात अधिकाऱ्यांच्या घरातून करा. ज्यांनी पालक-सवलत घेतलीय, त्यांच्या पालकांचे केस आधी. त्यात मीही होते.

प्रयोगशाळेची मुलगी कात्री घेऊन घरी आली. आईने अंबाडा सोडला.

"केस कशाला? श्राद्ध घालताय की काय माझं?"

"वीसच केस गं, मागचे. कळणारसुद्धा नाही."

"आणि ह्यातून काय समजतं?"

"तू कुठलं पाणी पितेस ते," मी ऐटीत सांगितलं.

आई गप्प झाली. मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसावं. तिने अंबाडा पुन्हा घातला आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात उपायुक्त मुजावर साहेबांनी मला बोलावलं. तिसेक वर्षं खात्यात काढलेला माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला. सहा ठिपके, सगळे एका रांगेत, वरच्या, किनाऱ्याच्या पट्टीत. खाली छापलेलं होतं: रहिवास, किनारपट्टी, पेडणे परिसर, गोवा राज्य.

"नमुने बदलले असतील," मी म्हटलं.

"दोनदा केलं, मॅडम. मी स्वतः करायला लावलं."

"साहेब, आई माझ्याकडे राहते. सगळा आजरा सांगेल."

"सगळ्या आजऱ्याचं ऐकायचं असतं, तर आपण यंत्र कशाला घेतलं?" ते म्हणाले. हे वाक्यही माझंच होतं. "बाराला सुनावणी ठेवतो. अधिकाऱ्याने खोटी सवलत घेतली तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. बडतर्फी. मी दोघांना घरी पाठवलं होतं.

घरी आले तेव्हा रणधीर, माझा नवरा, अंगणात पेरूच्या झाडाशी खटपट करत होता. त्याचा काजूचा कारखाना आहे, दुपारनंतर घरीच असतो. मी अहवाल त्याच्या हातात दिला आणि हसत म्हटलं, "बघ, यंत्राला वेड लागलंय." तो हसला नाही. कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. तीस वर्षं ओळखते मी त्याला.

"रणधीर, काय आहे हे?"

"तू आधी बस."

"बसत नाही. बोल."

मग तो बोलला. पेडण्याकडून मासळीची गाडी दर तिसऱ्या दिवशी आजऱ्याच्या बाजारात येते. त्या गाडीत दोन कॅन असतात. रुपेश पहाटे जुन्या विहिरीवर जातो, पाणी शेंदतो, कॅन भरतो, गाडीवाल्याच्या हवाली करतो. गाडीवाला ते कारखान्यावर उतरवतो, रणधीर घरी आणून आईच्या हंड्यात ओततो. सहा वर्षं. एकदाही खंड नाही. रस्ता खचला तेव्हा रुपेश स्वतः स्कूटरवर कॅन बांधून चोर्ला घाटाच्या बाजूने फिरून आला होता, आणि कारखान्यातूनच परत गेला होता.

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"आईंनी शपथ घातली होती."

"पण का? आपल्या नळाला काय धाड भरलीय?"

तो माझ्याकडे बघेना. तेव्हा मला समजलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आमच्याकडची जुनी रीत. बहुतेकांनी ती केव्हाच सोडली, हल्लीच्या मुलींच्या तर कानावरसुद्धा आली नसेल. मला मूल नाही. कोल्हापूरला तीनदा उपचार केले, तिन्ही फुकट गेले, आणि चाळिशीनंतर आम्ही तो विषय बंद केला.

मी तरातरा आईच्या खोलीत गेले. ती तांदूळ निवडत बसली होती.

"म्हणजे मला पोर नाही म्हणून माझ्या घरचं पाणी तुला चालत नाही. सहा वर्षं माझ्या छपराखाली राहिलीस, तेल चोळून घेतलंस, आणि माझ्या पाण्याने बाटवून घ्यायचं नव्हतं!"

"तसं बोलू नको गो."

"मग कसं बोलू? वांझ म्हणायला तुझी जीभ रेटली नाही, म्हणून हंडा वेगळा मांडलास ना?"

आईने सूप खाली ठेवलं. तिला रडू आलं नव्हतं, ती रागावली होती. माझा राग तिच्याकडूनच आलेला आहे.

"बाटवून? तुझ्या हातचं विष दिलंस तरी पिईन मी. ऐक जरा. तुझ्या लग्नात तुझ्या बापाने आणि मी ठरवलं, मृणूला मूल झालं की तिच्या घरी जाऊन पोटभर पाणी प्यायचं. बाप गेला तसाच. राहिले मी. आता मी पाणी प्याले तर त्याचा अर्थ काय होतो? मीच म्हटल्यासारखं होतं, की आता व्हायचं नाही. तू म्हण. डॉक्टर म्हणू दे. जावयबापू म्हणू देत. मी कशी म्हणू?"

"आई, मी एक्कावन्न वर्षांची आहे."

"मला ठाऊक आहे. मीच जन्म दिला तुला."

"शास्त्रात बसत नाही ते."

"बसत नसेल. मी कुठे म्हटलं बसतं म्हणून?"

मी उभीच राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या विषयातून आम्ही सगळे बाहेर पडलो. मी पडले होते, रणधीर पडला होता. आणि ह्या बाईने अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मुलाकडून कॅन मागवून, एकटीने ती जागा धरून ठेवली होती. मला तिचा भयंकर राग आला, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच न करता मी बाहेर आले.

बारा तारखेला सुनावणी झाली. मी सगळं लेखी दिलं, एकही शब्द न गाळता. मुजावर साहेबांनी शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढून पुसला.

"मॅडम, माझ्या आत्यानेही हे पाळलेलं मी पाहिलंय. माझा तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. मग त्यांनी दुसरा कागद वर काढला. "पण हे परिपत्रक बघा. पाण्याचं कोणतंही कारण ग्राह्य धरू नये. टिप्पणी कोणाची, ते मी वाचत नाही."

"वाचलं तरी चालेल, साहेब."

"एक फेरतपासणी देता येते. सहा महिन्यांनी. तोवर तुम्ही निर्णय द्यायचे नाहीत, अभिलेख कक्षात बसायचं. डिसेंबरचे केस आजऱ्याचे निघाले तर प्रकरण मिटलं. नाही निघाले तर माझा इलाज नाही." त्यांनी फाईल मिटली. "घरात एक तांब्या पाण्याचा तर प्रश्न आहे."

मी त्याच दिवशी आणखी एक टिप्पणी लिहिली. माझी आधीची टिप्पणी चुकीची आहे, यंत्र माणूस कुठे राहतो ते सांगत नाही, कुठलं पाणी पितो ते सांगतं, आणि ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौगुले प्रकरण पुन्हा उघडावं, असंही लिहिलं. चौगुल्यांना फोन केला. ते म्हणाले, "मुलगी आता बेकरीतच बसते मॅडम, बरं चाललंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी रणधीर दारातच उभा होता. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "आईंना सांगूया. त्या समजूतदार आहेत."

"एक शब्द बोलायचा नाहीस. तुला माझी शपथ. तिची शपथ सहा वर्षं पाळलीस, आता माझी पाळ."

"अगं पण नोकरी जाईल तुझी. सात वर्षं राहिलीत निवृत्तीला."

"जाऊ दे नोकरी! खड्ड्यात जाऊ दे!" मी ओरडले. "तिच्याकडून ते वदवून घेऊन मला नोकरी नको."

आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिला कमी ऐकू येतं, असं मी धरून चालले.

मग सहा महिने गेले. मी अभिलेख कक्षात जुन्या फायलींना नंबर घालत बसले. मासळीची गाडी येत राहिली, कॅन येत राहिले. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून रणधीर माझ्यासमोरच ते हंड्यात ओतायचा. आई पेज शिजवायची, अंगणातल्या तुळशीला पाणी घालायची, माझ्याशी हवापाण्याचं बोलायची. मी रुपेशला फोन केला. आधी आईच्या गुडघ्यांचं बोललो. मग तो म्हणाला, "ताई, विहिरीचा रहाट कुरकुरतोय, बदलायला हवा." मी म्हटलं, "बदल. निम्मे पैसे माझे." दिवाळीला तो बायकोला घेऊन आला आणि दोन दिवस राहिला. सुटीच्या दिवशी मी आईच्या शेगडीकडे मुद्दाम बघत नसे. बघितलं असतं, तर माझ्या मनात काय आहे ते तिला कळलं असतं.

डिसेंबरात तीच मुलगी आली आणि पुन्हा वीस केस घेऊन गेली. ह्या वेळी आईने काही विचारलं नाही.

सतरा तारखेला मुजावर साहेबांनी बोलावलं. उभे राहिले, चक्क हात पुढे केला.

"अभिनंदन, मॅडम. रहिवास, आजरा परिसर, महाराष्ट्र राज्य. शंका मिटली. सोमवारपासून आपल्या खुर्चीवर बसा. आणि तुमची नवी टिप्पणी मी वर पाठवलीय, बघू काय होतं."

मी कागद घेतला. अशी रेघ मी शेकड्यांनी वाचली आहे, वाचायला वेळ लागत नाही. सहा ठिपके. पहिला, जूनचा, किनाऱ्याच्या पट्टीतून निसटून उतरणीला लागलेला. जुलैचा खाली. ऑगस्टपासून पुढचे सगळे आजऱ्यावर, सपाट. शरीरातलं जुनं पाणी जाऊन नवं यायला दोनेक आठवडे लागतात. मागे मोजत गेलं की उतार जिथे सुरू होतो तो आठवडा सापडतो. मी मोजला. सुनावणीचा आठवडा. मी दारात उभी राहून नोकरी खड्ड्यात घालत होते, तो दिवस.

म्हणजे तिला ऐकू गेलं होतं. त्यानंतर सहा महिने तिने कॅन बंद केले नाहीत. रुपेश पहाटे उठून शेंदत होता, रणधीर ओतत होता, आणि ती ते सगळं पाणी तुळशीला घालत होती. आमच्यापैकी कोणाला कळू नये म्हणून.

साहेब काहीतरी बोलत होते. मी मान डोलावत होते. माझी नोकरी राहिली होती, सवलत राहिली होती, आई कायद्याने माझ्या घरी राहायला आली होती. आणि मी पुन्हा तो पहिला ठिपका बघत होते. मी कधीच सोडून दिलेली गोष्ट कोणीतरी माझ्यासाठी धरून ठेवली आहे, हे मला कळायला पन्नाशी उलटावी लागली, आणि ती सुटली तेही मला कागदावरून कळलं. आता ह्या जगात माझ्या मुलाची वाट बघणारं कोणीही नव्हतं. त्याची तारीख माझ्याकडे लेखी होती, साक्षांकित, शिक्क्यासकट.

घरी पोचले तेव्हा आई अंगणात होती. रिकामी कळशी हातात, तुळशीचं आळं ओलं.

"काय झालं तुझ्या केसांचं?" तिने विचारलं.

"तुझ्या केसांचं. मिटलं सगळं. तू आजऱ्याची निघालीस."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि कळशी पालथी घातली.

मी आत गेले. नळ सोडला, आधण ठेवलं, दोन कप चहा टाकला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नळ बघत होती.

"साखर कमी घाल गो माका," ती म्हणाली.

मी साखर कमी घातली. कप तिच्या हातात दिला. ती माझ्यासमोर बसून तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याली, आणि मी तिच्याकडे बघत राहिले.